ओळीची जागा मोकळी सोडली आहे

७ जानेवारी
(हे पत्र टपालात पडलं नाही.)

मेहुणीबाई,

आज चित्र नाही, नुसतंच पत्र. तुझ्या ताईला आंघोळ करताना गाठ हाताला लागली. तुमच्या आईला जिथे होती, जवळजवळ तिथेच. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, आधी छातीचा फोटो काढू, मग सुईने तुकडा घेऊन तपासायला पाठवू, तोवर मनाचे खेळ करू नका. सांगायला काय जातं त्यांचं. मी गाडी काढताना दोनदा उलटा गिअर टाकला.

ताईने मला शपथ घातली आहे की तुला यातला एक शब्द सांगायचा नाही. आई गेल्यावर तू वर्षभर हसली नव्हतीस म्हणे, आणि तिला ते परत बघायचं नाही. मी हो म्हणालो. त्या क्षणाला ती जे मागेल त्याला मी हो म्हणालो असतो.

आता हे लिहून वाचलं तर लक्षात आलं की एक नाही, चांगले पानभर शब्द झाले. तेव्हा हे राहू दे. मी चित्र काढतो.


९ जानेवारी

मेहुणीबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझी ओळ पोचली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या चित्राखाली तू लिहिलंस, ‘बरं झालं सापडलात, तुमच्याशी बोलायचंच होतं’, आणि तुझी ताई ओट्याशी उभ्या उभ्या हसली. म्हणजे चित्र पास. आपल्या कारखान्यात परीक्षक एकच आणि तोही खडूस, त्यामुळे चित्र आता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चढलं आहे. त्याच्या आधीच्या चित्राला ती नुसतं ‘बरंय’ म्हणाली होती, ते खणात गेलं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने चित्रं कशाला काढावीत असं आमच्या कंपनीतला जोडीदार परत विचारत होता. मी त्याला म्हणालो, अरे, लिफ्टमध्ये शिरलेला माणूस दार बंद झाल्यावर जे तोंड करतो ते बघायला मला पगार मिळतो, ते वाया कसं घालवू?

आणि तू जे म्हणतेस की फोनवर फोटो पाठवा, लगेच ओळ देते, ते नको. लगेच दिलेल्या ओळी तुझ्या फालतू असतात. टपालात मुरतात तेव्हा बऱ्या लागतात. शिवाय तुझ्या अक्षरात चित्राखाली ओळ असल्याशिवाय परीक्षक चित्राला हात लावत नाही.

सोबत नवीन चित्र. खाली ओळीची जागा नेहमीसारखी मोकळी सोडली आहे. नियम तुला माहीत आहे, मनात काय धरून काढलं ते मी सांगत नाही आणि तू विचारत नाहीस. पण या वेळी जरा नीट बघ. घाई करू नकोस.

तुझा भावोजी


१५ जानेवारी

ति. चित्रकार भावोजींना सा. न.

नीट बघितलं. ऑफिसात बघितलं, घरी बघितलं, बसमध्ये बघायला लागले तर शेजारची बाई माझ्यापेक्षा जास्त वेळ बघत बसली. लांबलचक बाक, त्यावर ओळीने बायका, सगळ्यांची तोंडं एका बंद दाराकडे, आणि मधोमध टकलू माणूस. म्हणजे तुम्ही, कारण तुमच्या चित्रात टकलू आला की तो तुम्हीच असता. मांडीवर बायकोची पर्स दोन्ही हातांनी अशी धरली आहे की पर्स पळून जाईल की काय. आणि सगळ्यांची नाकं बटाट्यासारखी, हे आता सांगायला नको.

पार्लर, दुसरं काय! ताईने ओढून नेलं ना तुम्हाला? तरी मी तिला सांगत असते, नवऱ्याला असल्या ठिकाणी बाहेर बसवू नये, तो चित्र काढतो. ओळ अशी आहे, आणि या वेळी मी माझ्यावरच खूश आहे:

‘ती आत गेली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.’

इकडे पाणीपुरवठा ऑफिसची तक्रार-खिडकी जोरात चालू आहे. काल एक आजोबा तक्रार घेऊन आले की नळाला पाणी फार येतं. मी तक्रार लिहून घेतली आणि त्यांना चहा पाजला. असा माणूस आमच्या खिडकीवर परत यायचा नाही.

ताईला म्हणावं, तुझा फोन आला तेव्हा तू लवकर ठेवलास. माझ्या पुढच्या सगळ्या गप्पा तशाच शिल्लक आहेत.

तुमची मेहुणी


२१ जानेवारी

मेहुणीबाई,

ओळ चांगली आहे. चांगलीच आहे. पण ती मी ताईला दाखवणार नव्हतो. पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, तिने धुवायला टाकताना काढून वाचलं. मी दारात उभा, तोंड कुठे लपवावं ते कळेना. आणि ती हसायला लागली. इतकी हसली की बादलीच्या काठावर बसली आणि मग मला जवळ बसवून परत वाचून दाखवली. गेले काही दिवस ती आरशासमोर जरा जास्तच वेळ केस विंचरते आहे, ते का, हे मी सांगणार नाही. चित्र दारावर चढलं, आणि तेही तिने स्वतः चिकटवलं.

तू पार्लर म्हणालीस. मी पार्लर काढलं नव्हतं. एवढंच सांगतो. नियम मोडला म्हणायचं असेल तर खुशाल म्हण.

माझी एक अडचण आहे, ती आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आली. मला रडका माणूस काढता येत नाही. किती वेळा बसलो, पण नाक आलं की माणूस हसवायलाच लागतो. पोरं लहान असताना त्यांना जेवायला बसवायला म्हणून हा हात असा वळवला, आता तो ऐकत नाही.

सोबत दुसरं चित्र. यातलं नाक बघू नकोस. बाकीचं बघ.

भावोजी


३० जानेवारी

ति. भावोजींना सा. न.

उशीर झाला, रागावू नका. या वेळी ओळ सापडेना, दोन कागद फाडले. चित्रात एक बाई उंच टेबलावर बसली आहे, पाय लोंबकळताहेत, शेजारी लांब हाताचं मोठं यंत्र, आणि काचेमागे एक माणूस बोट वर करून काहीतरी बजावतो आहे. फोटो स्टुडिओ, नाही का? हलू नका म्हणत असेल. तेव्हा ओळ ही:

‘हलू नका काय म्हणता? आमच्या घरात माझ्याशिवाय हलतं कोण!’

ही ताईला तुम्ही स्वतः वाचून दाखवा. नुसतं पाकीट हातात देऊ नका. बाईचा आवाज काढून, कमरेवर हात ठेवून, सगळं नाटक करून वाचा. ती हसली नाही तर मला कळवा, मी दुसरी लिहीन. तिसरीही लिहीन.

बाकी इकडे ठीक. माझी बरीच रजा शिल्लक आहे, आमचे साहेबच म्हणत होते की बाई, घ्या आता. उगाच सांगून ठेवते. कुणाच्या घरी कामाला दोन हात हवे असतील तर.

तुमची मेहुणी


४ फेब्रुवारी

मेहुणीबाई,

फोटो स्टुडिओ! अगं, कुठल्या स्टुडिओत असलं यंत्र असतं? तुझ्या डोळ्यांना झालंय तरी काय? जाऊ दे. मी चित्रकार म्हणून कमी पडतोय, दुसरं काय म्हणू.

तुझ्या हुकमाप्रमाणे नाटक करून वाचलं. ताई हसली, आणि मग म्हणाली की ओळ शंभर टक्के खरी आहे, तेव्हा तुम्ही उठा आणि कपबशा विसळा. दोन दिवस झाले, मीच विसळतो आहे. तुझ्या ओळींचा मला हा फायदा.

रजेचं म्हणशील तर सध्या येऊ नकोस. घरात रंगकाम काढलं आहे. डबे, शिड्या, बसायला जागा नाही. रंगाच्या वासाने तुला खोकला होईल. पुढे बघू.

सोबत तिसरं. याच्यापुढे मला काही सुचत नाही, तेव्हा यातही तुला कळलं नाही तर मी हात टेकले.

भावोजी


९ फेब्रुवारी

ति. भावोजी,

टेबल, या टोकाला टकलू, त्या टोकाला बाई, मध्ये फोन, आणि दोघं त्याच्याकडे टक लावून. ओळ:

‘उचला ना.’ ‘वाजू तर दे.’

आज एवढंच. पत्र लगेच टाकते आहे म्हणजे उद्या-परवा पोचेल. रंगकाम नीट होऊ दे. होईलच. माझं मन सांगतंय.

तुमची मेहुणी


१३ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या मेहुणीबाई,

बस. आधी बस, मग वाच. आणि घाबरू नकोस, कारण सगळं चांगलं आहे. हे वाक्य मी मुद्दाम वर लिहिलं, नाहीतर तू पुढचं वाचता वाचता जीव सोडायचीस.

घरात रंगकाम नव्हतं. ताईला गाठ लागली होती, आईसारखीच, म्हणजे तिथेच. तिने मला तुला सांगायची बंदी केली होती आणि मी ती पाळली. पार्लर म्हणजे तपासणीचा बाक होता. स्टुडिओ म्हणजे छातीचा फोटो काढायची खोली. तिसरं म्हणजे आम्ही दोघं, रिपोर्टची वाट बघत. शब्दाने सांगायचं नाही म्हणून मी तीन वेळा चित्राने सांगून पाहिलं आणि तीन वेळा तू त्याच्यावर विनोद केलास. मी कपाळाला हात लावला होता.

काल दुपारी डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. गाठ साधी आहे. नुसती साधी! काढायचीसुद्धा गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवा म्हणाल्या. त्या बोलत होत्या, मी मान हलवत होतो, आणि मला त्यातलं पहिलं वाक्य सोडून काहीही ऐकू आलं नाही. ताईने मात्र शांतपणे चार प्रश्न विचारले, चष्मा पुसला आणि आभार मानले. म्हटलं, ही बाई लोखंडाची आहे.

मग आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं. मी उभा, ती उभी. माझ्या शर्टाची बाही तिने धरली आणि तोंड माझ्या खांद्यात घालून जी रडायला लागली ती थांबेना. मीही सुरू झालो. बराच वेळ गेला तरी आमचा मजला येईना. तेवढ्यात दार उघडलं, समोर एक वॉर्डबॉय ढकलखुर्ची घेऊन उभा, आणि आम्ही होतो तिथेच, तिसऱ्या मजल्यावर. मी बटण दाबलंच नव्हतं. आयुष्य लिफ्टमध्ये गेलेला माणूस मी. ताईने माझ्याकडे बघितलं, डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हसू फुटलेलं. वॉर्डबॉयला वाटलं, कुणीतरी गेलं आमचं. तो बिचारा म्हणाला, काका, धीर धरा. त्यावर ती आणखीनच हसली.

तुझी तिसरी ओळ आम्ही निघायच्या आधी आली होती. फोन वाजला तेव्हा ताई खरंच म्हणाली, ‘उचला ना.’ मी म्हणालो, वाजतोय की. आणि हसता हसताच उचलला. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. तुला काही माहीत नसताना तू आमचा महिना काढून दिलास.

आता ये. रजा टाक आणि ये. मला शिव्या घालायच्या असतील तर समोर बसून घाल.

तुझा भावोजी


१७ फेब्रुवारी

ति. भावोजींना सा. न.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं हे बरं की वाईट, देव जाणे. मी खिडकीतच फोडलं. तुम्ही बस म्हणालात, मी बसलेलीच होते. ‘सगळं चांगलं आहे’ हे वाचलं आणि मी त्या खिडकीत ओक्साबोक्शी रडले. समोर पाण्याची तक्रार घेऊन एक गृहस्थ उभे होते. ते घाबरले. म्हणाले, बाई, असू द्या हो, येईल पाणी, एवढं काय मनाला लावून घेता. आणि तक्रारीचा कागद खिडकीतच विसरून गेले. त्यांचं पाणी मी आज स्वतः माणूस पाठवून सोडवलं.

आता ऐका. मला माहीत होतं.

पहिल्या चित्रात नव्हतं कळलं. पार्लर मी मनापासून लिहिलं, आणि ती केसांची ओळ आता आठवली की जीभ चावते. पण दुसरं चित्र उघडलं आणि मला टेबलावरून लोंबकळणारे पाय दिसले. उजव्या पायाचा अंगठा डाव्या अंगठ्यावर दाबून धरलेला. भावोजी, तुम्हाला नाक काढता येत नाही, पण पाय येतात. ताई घाबरली की असेच पाय धरते. लहानपणी दाढ काढायला नेलं तेव्हा, निकालाच्या दिवशी, आईच्या खाटेशी. तिला स्वतःलाही ते माहीत नसेल. मी ते पाय बघितले, मग यंत्र बघितलं, मग पहिलं चित्र मनात आणलं, तो बाक, ती पर्स. आणि मग ऑफिसातून घरी कशी आले ते मला आठवत नाही.

खूप राग आला. तुमचा नाही, तिचा. आईच्या वेळीही असंच केलं होतं आमच्या घरात. माझी परीक्षा होती म्हणून मला शेवटपर्यंत साध्या तापाचं सांगितलं, आणि मी आले तेव्हा आई बोलत नव्हती. मी वर्षभर हसले नाही ती आई गेली म्हणूनच नाही, मला कुणी काही सांगितलंच नाही म्हणूनही. फोन उचलून ताईला म्हणणार होते, परत तेच करते आहेस तू माझ्याशी. नंबर लावलासुद्धा.

आणि मग कापला. कारण तुम्ही लिहिलं होतं की त्या वाईट ओळीवर ती बादलीच्या काठावर बसून हसली. मला वाटलं, मी सगळं ओळखलंय हे तिला कळलं तर ती माझी समजूत घालत बसेल. स्वतःचं सोडून मला धीर देत बसेल, ती तशीच आहे. नाही कळलं तर निदान हसेल तरी. म्हणून स्टुडिओ. म्हणून ते नाटक करून वाचा वगैरे. त्या ओळी लिहिताना मी काय रडले ते माझं मला माहीत. तिसरी तर मी उभ्यानेच लिहिली, पोस्टाच्या काउंटरवर.

तुम्ही म्हणता मला काही कळलं नाही, आणि मी म्हणते तुम्हाला काही कळलं नाही. मी एवढं स्पष्ट लिहिलं की रजा आहे, हात हवे असतील तर सांगा, आणि तुम्ही मला रंगाचे डबे दाखवलेत! ताईच फोनवर म्हणाली होती की रंग आता पुढच्या वर्षी.

हे पत्र तिला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला आता काही लपवायची ताकद उरलेली नाही. नुसती साधी गाठ, असं मी दिवसभर तोंडातल्या तोंडात म्हणते आहे. शेजारच्या टेबलावरची बाई मला जप चालला आहे की काय विचारत होती.

तुमची मेहुणी


२१ फेब्रुवारी

चिमे,

यांनी तुझं पत्र मला दाखवलं. दाखवलं म्हणजे टेबलावर ठेवलं आणि कपबशा विसळायला निघून गेले. मी वाचलं. मग परत वाचलं. मग पंख्याखाली जाऊन बसले.

तुझं बरोबर आहे. मी तेच केलं, आईच्या वेळी मोठ्यांनी केलं तेच, आणि तेव्हा तुझ्या बाजूने सगळ्यांशी भांडले होते मीच. मला वाटलं मी तुला वाचवते आहे. खरं सांगू का, मला तुझ्या तोंडाकडे बघायची भीती वाटत होती. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. तू हसते आहेस तोवर नाही, असं काहीतरी मनाने धरलं होतं. या वयाला शोभत नाही, पण होतं.

एक गोष्ट यांनाही आज पहिल्यांदा सांगितली. मी यांना शपथ घातली ती शब्दाची घातली. चित्राबद्दल मी मुद्दाम काही बोलले नाही. हे टेबलाशी बसून तो बाक काढत होते तेव्हा मी मागून बघत होते, माझं मला लगेच कळलं. पाकीट टपालाच्या डब्यात टाकायला मीच गेले, तिन्ही वेळा. प्रत्येक वेळी वाटायचं, चिमीला कळू दे. आणि डब्यात पडल्यावर वाटायचं, देवा, नको कळू देऊ. तुझी ओळ आली की मी आधी बघायची, कळलं का, आणि नाही कळलं असं दिसलं की सुटल्यासारखं व्हायचं आणि रडूही यायचं. आणि तू मेली सगळं ओळखून बसलेली. तुझ्या पायावर डोकं ठेवू की कान पिळू?

माझे पाय मी आज बघितले. खरंच धरते मी तसे.

आता पुढचं ऐक आणि वाद घालू नकोस. डॉक्टरीणबाईंनी मला निघताना विचारलं होतं, आईला होती, तुम्हाला बहीण आहे का? मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, मग तिनेही एकदा तपासून घ्यावं. हे मी आठ दिवस पोटात ठेवलं, आणि तुझं पत्र वाचल्यावर लाज वाटली. बघ, परत तेच करणार होते. तर तुझी वेळ मी घेतली आहे, पुढच्या शनिवारी सकाळी. शुक्रवारच्या गाडीने ये, रजा शिल्लक आहे हे तूच लिहिलं आहेस. आत मी तुझ्याबरोबर येणार. नातेवाईकांना सोडत नाहीत म्हणाले तर मी बघून घेईन.

भीती वाटेल. वाटू दे. माझ्यासमोर वाटू दे.

तुझी ताई